मागचा उजवा पाय

बाबा कुत्रीला घेऊन सकाळी फिरून आले तेव्हा ती तीन पायांवर होती. मागचा उजवा पाय तिने पोटाशी दुमडून धरला होता. चेहरा मात्र नेहमीसारखाच होता. जीभ बाहेर, शेपूट हलतेय, पाण्याच्या भांड्याकडे निघालीय. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते.

"काय झालं हिला?"

"कुठे काय?" बाबा म्हणाले. पट्टा खिळ्याला अडकवून ते हात धुवायला गेले.

संध्याकाळी परत विचारलं तेव्हा ते म्हणाले की गेटजवळच्या ओल्या लादीवर ती घसरली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मांजरीच्या मागे पळाली आणि वळताना पाय अडकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विषय निघाला तर माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी तूच नेलं होतंस ना तिला?" ते इतक्या खात्रीने बोलले की क्षणभर मलाही वाटलं, आपणच नेलं होतं की काय.

आम्ही इंद्रलोक वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतो, मी आणि बाबा. आधी परळला होतो. आई गेल्यावर तिथली खोली विकून इथे आलो. मी लग्न केलं नाही. भाऊ पुण्याला असतो. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कुत्री आमच्याकडे आली ती मागच्या बांधकामावरून. पावसापाण्यात सिमेंटच्या पाइपात बसलेलं तपकिरी पिल्लू बाबांनी एक दिवस शर्टात गुंडाळून वर आणलं. आयुष्यभर ज्यांनी प्राण्याला हात लावला नव्हता, त्यांनी. तिचं जे नाव आम्ही ठेवलं ते बाबा कधी वापरत नाहीत. ते तिला 'बाई' म्हणतात. "काय बाई, निघायचं?" असं विचारलं की ती दाराशी जाऊन उभी राहते.

जवळच्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, मुरगळलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती बरी झाली. म्हणजे मला वाटलं, झाली. चार-पाच दिवस नीट चालली, मग एका सकाळी उठली तर पुन्हा पाय वर. दुपारी पाय खाली, संध्याकाळी वर. बेल वाजली की चारही पायांवर दाराकडे धावायची, आणि कुरिअरवाला गेला की लंगडत परत यायची. मला खरंच कळेना की हिला दुखतंय तरी की नाही. समोरच्या गुजराती काकी म्हणाल्या, "नाटक करती है बेन, अंकल का लाड चाहिए उसको." मग स्वतःच हळद, मीठ आणि कसलंसं तेल एकत्र गरम करून वाटी घेऊन आल्या. आम्ही ते चोळलं. तिने ते सगळं चाटून टाकलं.

डॉक्टरकडे नेलं की मात्र ती अजिबात लंगडायची नाही. क्लिनिकच्या फरशीवर ताठ चालायची, सगळ्यांना हुंगून यायची. मी सांगत राहायचे, "डॉक्टर, घरी खरंच पाय टेकत नाही," आणि माझंच मला खोटं वाटायचं. शेवटी मी मोबाइलवर तिचं घरातलं चालणं शूट करून नेलं.

मीरा रोडच्या दुसऱ्या डॉक्टर, एक तरुण मुलगी, त्यांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मग कुत्रीला आडवी केली, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली. नडगी सरकली. मला दिसली सरकताना, बंद होत नसलेल्या ड्रॉवरसारखी.

"गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या एकमेकींवरून तिरप्या जातात," त्या म्हणाल्या. "त्यातली पुढची तुटलीय. लिगामेंट. एक्स-रे काढू, पण मला जवळजवळ खात्री आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"पण ती पळते मध्येच."

"पळते. कुत्री पळतात. त्यांना दुखलं तरी बेल वाजल्यावर कोण आलंय ते बघायचंच असतं."

एवढ्यावर ठरलं असतं तर बरं झालं असतं. पण भावाने फोनवर सांगितलं की अजून एक मत घे, त्याच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, ऑपरेशन कशाला, वजन कमी करा, दोन महिने बांधून ठेवा, गुडघ्याला पट्टा लावा, आजूबाजूचे स्नायू धरून ठेवतात. इंटरनेटवर बघितलं तर अर्धे लोक म्हणत होते लगेच करा, अर्धे म्हणत होते करून पस्तावलो. ऑपरेशनचेही प्रकार निघाले. एकात हाड कापून प्लेट बसवतात, दुसऱ्यात जाड दोरा ओवून गुडघा बाहेरून बांधतात. ऑफिसात मी पॉलिसीचे क्लेम तपासते. दिवसभर कागद बघून हो किंवा नाही म्हणणं हेच माझं काम. आणि घरी एका कुत्रीच्या गुडघ्याबद्दल मला हो किंवा नाही म्हणता येईना.

बाबांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ते पेपर वाचत होते. मान न उचलता म्हणाले, "तिला विचार."

मला राग आला. ही थट्टा होती, की त्यांना प्रश्नच कळला नव्हता? गेल्या काही महिन्यांपासून बाबांच्या बाबतीत माझं असंच होत होतं. एकदा गॅसवर दूध ठेवून ते खाली गेले. मी बोलले तर म्हणाले, "बारीक ठेवला होता, मला माहीत होतं." एकदा लाइट बिल भरलेलं असूनही पुन्हा भरायला रांगेत उभे राहिले, आणि विचारलं तर म्हणाले, "तिथे गप्पा मारायला माणसं असतात." हे उत्तर पटण्यासारखं होतं. आई असतानाही ते असेच होते. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि नंतर म्हणायचं, मला कोणी सांगितलंच नाही. त्यामुळे ते विसरतायत की नेहमीसारखं ऐकत नाहीयेत, हे मला ठरवता येत नव्हतं.

एक दिवस ती सोफ्यावर चढायला गेली आणि तिच्या गुडघ्यातून कट् असा आवाज आला. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. ती किंचाळली नाही. फक्त खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी त्याच दिवशी त्या तरुण डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. विचार करून घेतला असं म्हणता येणार नाही. तो आवाज मला सहन झाला नाही, एवढंच.

ऑपरेशन झालं. दोरा ओवण्याचा प्रकार केला. तिला परत आणली तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत पाय भादरलेला होता. आतला पाय इतका बारीक, इतका गुलाबी, की हा हिचाच का असं वाटलं. गळ्यात प्लॅस्टिकची ती मोठी कॉलर. ती घालून ती प्रत्येक दाराच्या चौकटीवर आपटायची आणि चौकटीकडेच रागाने बघायची.

डॉक्टरांच्या सूचना अशा: दीड-दोन महिने उड्या नाहीत, जिने नाहीत, पळणं नाही. शी-शूपुरतं खाली न्यायचं, तेही पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भाग उचलून धरत. दिवसातून तीनदा तिला कुशीवर झोपवून गुडघा हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा. बाकी वेळ एका जागी. मी हॉलच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा लावला, त्याच्या आत गादी टाकली, सगळ्या लाद्यांवर रबरी मॅट अंथरल्या. दुपारी मी ऑफिसात असताना बाबा घरी असणार होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं.

पहिल्याच दिवशी घरी आले तर स्टँड भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि बाई बाबांच्या पायाशी, बाल्कनीत.

"बाबा! तिला बाहेर काढायचं नाही ना!"

"तिला जायचं होतं."

"डॉक्टरांनी चालवायचं नाही म्हटलंय."

"कधी म्हटलं?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी स्टँड दोरीने खिडकीच्या गजाला बांधला, तर त्यांनी गाठ सोडली, आणि दोरी अशी नीट गुंडाळून ठेवली की ती टेलिफोन खात्यातल्या माणसानेच गुंडाळलीय हे कुणालाही कळलं असतं. विसरणारा माणूस दोरी अशी गुंडाळतो? मला माहीत नाही. कदाचित गुंडाळत असेल.

पण व्यायामाच्या वेळी मी त्यांच्याइतकं शांत कुणाला बघितलं नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे वाजतात, जमिनीवर बसायचं म्हणजे आधी एक हात खुर्चीवर, मग दुसरा लादीवर. तरी ते बसायचे. तिचं डोकं मांडीवर घ्यायचे आणि तो बारीक पाय दोन्ही हातांत धरून वाकवायचे, सरळ करायचे, तोंडाने मोजत. माझ्या हातात ती पाय आखडून घ्यायची. त्यांच्या हातात सैल सोडायची. ते मोजता मोजता मध्येच थांबायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. मी भाजी चिरत ऐकत असायचे. बोलावं की नको कळायचं नाही. तिच्या पायाला दोन-चार वेळा जास्त वाकवल्याने काही होणार नव्हतं. मग मी कशाला टोकावं?

दहा-बारा दिवसांनी टाके निघाले. डॉक्टर खूश होत्या. म्हणाल्या, "जखम छान भरलीय. आता हळूहळू स्नायू परत आणायचे. पुढे आपण तिला पाण्यात चालवू. पाण्यात वजन पडत नाही, गुडघा मोकळा होतो. आमच्या ओळखीचा एक स्विमिंग पूल आहे, तिथला माणूस ट्रेन्ड आहे. पण अजून थोडं थांबू." मी घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतंय असं मला वाटलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी मंडईत गेले होते. परत आले तर घराला कुलूप. माझ्याकडे चावी होती. आत शिरले. स्टँड बाजूला, गादी रिकामी, टॉवेल गायब, पट्टा गायब. बाबांचा फोन चार्जरला लावलेला. मी भाजीच्या पिशव्या तशाच दारात टाकून खाली धावले.

वॉचमन म्हणाला, "अंकल तो रिक्षा में गये. कुत्ते को गोदी में उठा के लाये लिफ्ट से. मैंने बोला मैं पकडता हूँ, तो बोले नहीं."

"कहाँ गये?"

"वो तो नहीं बोले."

सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याला खुर्चीवरून उठताना आधार लागतो, तो ऑपरेशन झालेलं धूडच्या धूड जनावर उचलून रिक्षात बसला होता. मी आधी त्या जवळच्या डॉक्टरांकडे गेले. क्लिनिक बंद. बागेत बघितलं. रिक्षा स्टँडवर विचारत फिरले, "एक अंकल, ब्राउन कुत्ता, पाँव पे बाल नहीं," आणि लोक माझ्याकडे बघत होते. शेवटी एक रिक्षावाला म्हणाला की त्याच्या पुढच्या नंबरवाल्याला उत्तन साइडचं भाडं मिळालं, कुत्रा होता सोबत.

उत्तन साइड म्हणजे किनाऱ्यावरचं पाली गाव. पालीत बाबांचे एक दोस्त राहतात, टेलिफोन खात्यात बरोबर होते. मूळचे तिथलेच, मच्छीमार घरातले. रिटायर झाल्यावर परत गावात जाऊन राहिले. मी वर आले, बाबांच्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"काकी, बाबा आलेत का तिकडे?"

"हाय ना! हयंच हाय तुजा बाबा. काय न्हाय झालं, घाबरू नको. दोगं पन कुत्रीला घेऊन दरयावर गेलंत."

"दर्यावर? कशाला?"

"ते मना काय म्हाईत? तू ये, जेवूनच जा."

रिक्षाने निघाले. रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला, मग मिठागरांच्या कडेने, राई, मोर्वा ही गावं, पुढे चढ. सबंध रस्ताभर मी मनात भांडत होते. बाबांना काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्याशी अडकत होते. "तुम्हाला कळत नाही का?" हे कसं विचारणार? खरंच कळत नसेल तर? आणि कळत असेल तर ते आणखीच वाईट. मग तिच्या गुडघ्याचं मनात यायचं. आतला दोरा तुटला असेल. वाळूत पाय रुतला असेल. मग बाबा पडले असतील. माझं मन या दोघांमध्ये इतक्या वेळा इकडून तिकडे गेलं की पाली येईपर्यंत मला कोणाची जास्त काळजी वाटतेय तेही कळेनासं झालं.

पालीच्या गल्लीत रिक्षा जाईना, समोरून स्कूटर येत होत्या. उतरून चालत गेले. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्याखालून वाट. वाट संपली आणि पाणी दिसलं.

ओहोटी होती. खडकांच्या मध्ये पाणी अडून तळ्यासारखं झालं होतं, लाट नाही, काही नाही. त्यात बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट मांड्यांपर्यंत दुमडलेली. त्यांचे दोस्त दुसऱ्या बाजूला. दोघांच्या हातात टॉवेलचं एकेक टोक, आणि टॉवेलच्या झोळीत तिचं पोट. ती पाण्यात चालत होती. हळू, पाऊल टाकून थांबत, पुन्हा पाऊल. मागचा उजवा पाय पाण्याखाली पुढे जात होता, टेकत होता, परत उचलला जात होता. पाणी स्वच्छ होतं, मला दिसत होतं. घरी इतक्या दिवसांत तिने तो पाय असा टाकला नव्हता.

मी काठावर उभी राहिले. जुळवलेल्या वाक्यांऐवजी मी तिची पावलं मोजायला लागले. तिने मला बघितलं आणि शेपटी हलवली, त्याने पाणी उडालं बाबांच्या तोंडावर.

"आलीस?" बाबा म्हणाले. जसं काही मला बोलावलंच होतं.

"बाबा, हे काय करताय?"

"तूच म्हणालीस ना, पाण्यात चालवायचंय."

"पुढे म्हटलं होतं! पूलमध्ये! डॉक्टरांसमोर!"

बाबांनी थोडा विचार केला. "पूलमध्ये औषध असतं," ते म्हणाले. "जखमेला बरं नाही."

काका, म्हणजे त्यांचे दोस्त, मला हळूच म्हणाले, "अगं, ओरडू नको. आम्ही जास्त वेळ न्हाय ठेवली. तुज्या बाबाने परवा फोन करून ओहोटी कधी हाय ते विचारलं होतं. पानी कुठं संथ असतं, खाली दगड टोचतात का, सगळं विचारलं."

म्हणजे ठरवून. भरती-ओहोटी बघून, जागा बघून. मी इतके दिवस स्टँडला दोऱ्या बांधत होते आणि हा माणूस शांतपणे सगळं ठरवत होता. मला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग बाबा तिला घेऊन बाहेर आले, टॉवेल पिळायला थोडे लांब गेले, आणि काका माझ्याजवळ सरकले.

"पन एक सांगू का तुला?" ते म्हणाले. "फोन दोनदा केला त्याने. पहिला ठेवला आणि चहा होतो न होतो तर परत. तेच सगळं परत विचारलं. मी म्हटलं, अरे आत्ताच तर बोललो. तर हसला. म्हणाला, 'हो का?' आता या वयात सगळेच विसरतात गं, मी पन विसरतो. पन तुला सांगून ठेवलं."

मला परत काहीच कळेनासं झालं.

काकींनी जेवू घातलं. बाईला उकडलेला मासा मिळाला, काटे काढून. ती जेवून तिथेच ओसरीवर झोपली, उजवा पाय पसरून. तो पाय झोपेत थरथरत होता आणि मी पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, गुडघा वाकवला, नडगी ढकलून बघितली. सरकली नाही.

"काही बिघडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे उलट चांगलंच झालं?"

"उलट चांगलं झालं असं मी म्हणणार नाही." त्या हसल्या नाहीत. "नशीब चांगलं होतं. घसरली असती तर आज आपण वेगळं बोलत असतो."

मी तिला टेबलवरून उतरवायला हात घातला आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, विसरणं आणि न ऐकणं, यातला फरक कसा ओळखायचा?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही विसरत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं लक्षात असतं हिच्या. ऐकत नाही, एवढंच. इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री अशीच असतात, त्यांना पटलं तरच करतात."

मी बरं म्हटलं. त्यांना पुढे काही समजावत बसले नाही.

पण प्रश्न तोंडून निघालाच होता, तो परत आत जाईना. भावाशी बोलले आणि बाबांना एका डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी काही कुरबूर केली नाही, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी आज वार कोणता, साल कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत असं विचारलं. वार बरोबर, साल बरोबर. मजला चुकला. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, त्यातले दोन आठवले. डोक्याचा फोटो काढला. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, थोडंसं आहे, पण या वयात कुणालाही दिसतं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, नसूही शकते. सहा महिन्यांनी परत बघू.

लिफ्टने खाली येताना बाबा म्हणाले, "मजला मी मुद्दाम चुकीचा सांगितला."

"मुद्दाम? कशाला?"

"तोंड न बघता विचारत होता. कॉम्प्युटरकडे बघत. म्हटलं बघू तरी, ह्याला कळतं का."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते लिफ्टच्या लाल आकड्यांकडे बघत होते, गंभीरपणे. खरं सांगत होते की चूक झाकत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

पुढे तिला त्या पूलमध्ये नेऊन बघितलं. निळ्या टाइल्स, क्लोरिनचा वास, तो ट्रेन्ड माणूस, तिच्यासाठी केशरी रंगाचं जॅकेट. ती काठावरच थरथर कापायला लागली. आत उतरवली तर चारही पायांनी त्या माणसाच्या छातीवर चढली, त्याच्या मानेवर ओरखडे उठले. दुसऱ्या खेपेला रिक्षातून उतरायलाच तयार नाही. बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते. तेव्हा मला वाटलं, निदान एकदा तरी त्यांनी 'मी सांगितलं होतं' म्हणावं.

मी पुन्हा तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पालीची जागा कशी आहे ते विचारून घेतलं. मग एकेक करून अटी सांगितल्या. उथळ पाणी. लाट बिलकुल नको. पट्टा कायम हातात. अगदी थोडा वेळ. आणि मी सोबत असले पाहिजे, बाबा एकटे नाहीत. मी सगळ्याला हो म्हटलं.

तेव्हापासून ज्या रविवारी ओहोटी सकाळी असायची त्या रविवारी आम्ही पालीला जायला लागलो. काका आदल्या दिवशी वेळ कळवायचे. त्यांचा फोन आता माझ्या मोबाइलवर यायचा. बाबांना ते आवडलं नाही. "माझा दोस्त आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, तुमचाच आहे. मग काका दोघांनाही फोन करायला लागले.

मांडी भरत आली. केस उगवले, आधी बारीक लव, मग दाट. थंडीत सकाळी उठल्यावर ती थोडी ताठते, दोन-चार पावलं आखडून टाकते, मग सैल होते. डॉक्टर म्हणाल्या, एवढं राहील. आणि हेही म्हणाल्या की ज्या कुत्र्यांचा एक गुडघा जातो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा नंतर दुसराही जातो. कधी, ते सांगता येत नाही. जाईलच असंही नाही. वजन सांभाळा. मी ते ऐकून घेतलं. हे ऐकून घेऊन माणसाने नेमकं काय करायचं असतं, ते कोणी सांगत नाही.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी पट्टा माझ्या हातून सुटला. पाण्यातून बाहेर येऊन ती अंग झाडत होती, मी चप्पल घालायला वाकले, आणि ती निघाली. ओल्या वाळूवरून सरळ, कान मागे टाकून, पोट जमिनीला लागेल इतकी ताणून पळत. चारही पायांवर. मी ओरडत मागे धावले, "थांब! थांब!" वाळत घातलेल्या मासळीपर्यंत ती गेली. तिथल्या कोळणीने हाड् हाड् केलं तशी वळली, आणि त्याच वेगाने परत आली. मी आपोआप डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी तो कट् आवाज ऐकायची वाट बघत उभी राहिले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर ती बाबांभोवती गोल गोल फिरत होती. बाबा एका जागी उभे, दोन्ही हात वर धरून, हसत होते. एवढे हसताना मी त्यांना आई असतानाही बघितलं नव्हतं. मला रागावायचं होतं, तिच्यावर, त्यांच्यावर, स्वतःच्या हातावर. पण मी खाली वाळूवर बसले.

परत येताना रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये आडवी झाली. ओला पाय माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना मिठागरं, ऊन चढलेलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचंय ना?" बाबांनी विचारलं.

उद्या कुणाचीच अपॉइंटमेंट नव्हती. तिची नव्हती, त्यांचीही नव्हती. ते कुठल्या डॉक्टरबद्दल बोलत होते ते मी विचारणार होते.

"नाही बाबा. उद्या काही नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तिच्या अंगावरची वाळू बोटांनी झटकत बसले.